सिरिलाचे खरे तास

एल्विराबाईंनी आपल्या तोंडाला पानं पुसली हे सिरिलाला रविवारीच कळलं होतं. तरी तिनं गुरुवारपर्यंत दम धरला, कारण गुरुवारी बाईंच्या मैत्रिणी पत्ते खेळायला येतात.

पॅराग्वेतल्या सूतगिरणीत सिरिलाची सतरा वर्षं भरली होती. गिरणी बंद पडली तशी ती नदी ओलांडून ब्युनोस आयर्सला आली आणि एल्विराबाईंच्या घरी कामाला लागली. तिकडच्या पेन्शनला पंचवीस वर्षं लागतात. दोन्ही देशांचा करार आहे, त्यामुळे इकडची आठ त्या सतरांना जोडता येतात. सहा झाली, दोन राहिली, असं ती बोटांवर मोजत होती. पण तिच्याच गावची आस्तेरिया इथे मोलकरणींच्या संघटनेत काम करते, तिनं सरकारी नोंद काढून दाखवली. बाईंनी सिरिलाला 'आठवड्याला बारा तासांहून कमी' असं लावलं होतं. तेवढ्या तासांसाठी मालकीण सरकारला जो हप्ता भरते, त्यात पेन्शनचा महिना धरला जात नाही. सहा वर्षांत एकही धरला गेला नव्हता.

"साक्षीला माणसं आण," आस्तेरिया म्हणाली. "नुसतं रडून काही होत नाही."

सिरिला रडली नव्हतीच. ती पेटली होती.

गुरुवारी तिनं मुद्दाम चिपा, म्हणजे तिच्या गावाकडचे पाव, भाजले, चीज जरा सढळ हातानं घालून. गरम गरम पावांवर तिन्ही मैत्रिणी तुटून पडल्या.

"एल्विरा, हिला दोन दिवस माझ्याकडे पाठव ना गं!" नेलिदाबाई म्हणाल्या.

"वा गं वा! सकाळी सातला येते ती रात्री आठला सुटते माझी सिरिला, शनिवारीसुद्धा. सहा वर्षांत एक खाडा नाही. तुझ्यासाठी वेळ आणायचा कुठून तिनं?"

"बाई, एवढंच लिहून द्याल?" सिरिलानं खिशातून अर्ज काढला आणि थेट पत्त्यांवर ठेवला. "आत्ता बोललात तेच. सरकारी कागदावर माझे दिवसाला दोन-अडीच तासच आहेत."

एल्विराबाईंचा चेहरा पडला. "ते सगळं अकाउंटंट बघतो गं. आणि ही काय वेळ आहे? नंतर बोलू."

"नंतर तुम्ही एकट्या असाल. आत्ता तीन साक्षीदार आहेत."

कुणीतरी फिसकन हसलं. बाई आणखीच चिडल्या.

"तुला घरच्यासारखं वागवलं, सिरिला. त्याचे हे पांग फेडतेस?"

"घरची ना मी? मग म्हातारपणी ठेवाल मला? गुडघे गेले की सूप भरवाल? माझ्या चादरी धुवाल? तुमच्या आईच्या मी रोज धुते."

बाई हातातले पत्ते उगाच जुळवू लागल्या.

"नाही ना? मग ते ओझं तुमच्यावर नकोच. पेन्शन बघून घेईल. तुम्ही फक्त खरं लिहा."

"आणि नाही लिहिलं तर?"

"तर तक्रार करीन. कामावरून काढायचं तर खुशाल काढा. सतरा वर्षं गिरणीतल्या मुकादमाला भ्याले नाही मी, तुम्हाला काय भिणार?"

नेलिदाबाईंनी पर्समधून पेन काढलं. त्यांनाही घरी मोलकरीण होती आणि तिचे तास काय लावलेत ते त्यांनाच ठाऊक. तरीही त्यांनी पेन पुढे सरकवलं.

"मला कुणी विचारलं तर ऐकलं तेच सांगेन हं, एल्विरा."

एल्विराबाईंनी ओठ आवळून लिहिलं. सोमवार ते शुक्रवार, सकाळी सात ते रात्री आठ, सहा वर्षं. खाली सही ठोकली आणि अर्ज भिरकावला.

"झालं समाधान? आता चहा आण."

सिरिलानं अर्ज उचलला आणि उभ्या उभ्या ओळ न् ओळ वाचली. मग तो परत बाईंपुढे ठेवला.

"शनिवार राहिला, बाई."