सुवर्णवृक्षांची मोहीम

शरदाचे ऊन साताऱ्यावर उतरते ते आधी अजिंक्यताऱ्याच्या कड्यांना लागते, मग गवताला, मग माणसांना. पावसाने धुऊन काढलेले आकाश निळे, नितळ, निरभ्र. सोनकीची पिवळी फुले उतारांवरून ओसरत चाललेली, गवताची हिरवाई रोज थोडी थोडी पिवळी होत जाणारी. असल्या दिवसांत घरात बसून राहणाऱ्या माणसाला काय म्हणावे, मला सुचत नाही. फडतऱ्यांच्या घरात तरी कोणी बसलेले नव्हते.

निवृत्त सुभेदार दिनकर फडतरे आणि त्यांची पत्नी शालन यांना डोंगर चढून झाडे पाहायची होती. साधीसुधी झाडे नव्हेत. उत्तर सिक्कीमच्या उंच दऱ्यांत लार्च नावाची, सुईसारख्या पानांची झाडे आहेत, आणि दिवाळीच्या सुमारास ती नखशिखान्त सोनेरी होतात. हिमधवल शिखरांखाली सुवर्णदेह अरण्य उभे राहते, आणि जेमतेम पंधरा दिवसांत पान न् पान गळून जाते.

ही झाडे सुभेदारांनी तेहतीस वर्षांपूर्वी पाहिली होती, आणि पहिल्या नजरेत त्यांना चक्क मेलेली ठरवले होते. पलटण ऐन थंडीत तिथे पोचली. सुईच्या पानांचे झाड म्हणजे सुरू, आणि सुरू बारमाही हिरवा, एवढेच त्या जावळीच्या गड्याला ठाऊक. समोर हजारो झाडे निष्पर्ण, निःशब्द. ‘इथे अख्खे जंगल वाळून गेले आहे, बघवत नाही,’ असे त्यांनी घरी कळवले, आणि इकडे नव्या नवरीने त्या जंगलासाठी डोळे पुसले. पुढच्या कार्तिकात दुसरे पत्र आले. ‘मेले नव्हते. सगळे सोन्याचे झाले आहे. तुला दाखवीन.’

दाखवीन. त्या एका शब्दावर शालनने तेहतीस वर्षे काढली. बदल्या आल्या, बाळंतपणे आली, सासूचे आजारपण आले, लेकीचे लग्न आले. दर शरदात ऊन पिवळे झाले की तिला ते न पाहिलेले जंगल दिसे, आणि त्या जंगलात आपल्या शेजारी उभा असलेला आपला माणूस दिसे. एकटे जंगल तिला कधी दिसलेच नाही.

यंदा सुभेदारांनी मोहीम आखायला घेतली. आखायला म्हणजे कशी, तर शत्रूने सिक्कीम घेतल्यासारखी. जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरला, चार कोपऱ्यांवर चार वाट्या ठेवल्या. कोणत्या दिवशी कोणती गाडी, कोणत्या गावी मुक्काम, कोणत्या तासाला कोणती चढण, सगळे जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर पट्टीने रेघा मारून. शेवटी मोहिमेतल्या जवानांची यादी. एक, दिनकर फडतरे. दोन, शालन फडतरे. आणि यादीखाली नियम : रोज पहाटे पाठीवर सात किलो वजन घेऊन अजिंक्यतारा. घटस्थापनेच्या दिवशी परीक्षा. पायथ्यापासून गडावरच्या मंगळाईच्या देवळापर्यंत जो न बसता जाईल, तोच सिक्कीमचा डोंगर चढेल.

“आन् मी बसले तर?” शालनने विचारले.

“तर नाव खोडणार. नियम म्हंजे नियम.”

तिने हसत सही ठोकली.

पहिले आठ दिवस तिला धाप लागली. नंतर पाय मोकळे झाले. लहानपणी जावळीच्या घाटवाटांनी डोक्यावर गवताचे भारे वाहिलेली बाई ती. ते पाय झोपले होते, मेले नव्हते. दवबिंदूंनी लखलखणाऱ्या पायवाटेवरून ती चढे, आणि पुढे, कायम दहा पावले पुढे, सुभेदारांची ताठ पाठ चाले. लग्नाच्या दिवसापासून वाट म्हणजे ती पाठच होती. शालनला त्यात कधी काही वावगे वाटले नव्हते.

परीक्षेच्या सकाळी ती पाठ दुसऱ्या वळणावर थांबली. मग हळूच कठड्यावर टेकली. कुठल्याशा बर्फात दुखावलेला उजवा गुडघा सुभेदारांनी महिनाभर लपवला होता. त्या दिवशी तो लपेना. त्यांनी हाताने फक्त खूण केली, तू चल.

शालन गेली. देवळापाशी पोचली तेव्हा खाली सातारा कोवळ्या उन्हात न्हात होता आणि तिचा श्वास अगदी शांत होता. जिंकल्याचा आनंद तिला झाला, तो का नाकारावा. पण त्या आनंदाच्या शेजारी कोणी नव्हते, आणि तिला भयंकर राग आला. गुडघ्याचा, नियमाचा, आणि नियम करणाऱ्याचा.

घरी आली तो सुभेदारांनी यादीतले पहिले नाव खोडलेसुद्धा होते. पट्टी ठेवून, सरळ रेघेत.

“तू लेकीसंगं जा,” ते नकाशाकडे पाहत म्हणाले. “ती गडबडीत असंल, पर मी इचारतो. झाडं थांबायची न्हाईत.”

शालनने भाकरी थापली, भाजली, दोघांची ताटे वाढली. मग हात पुसून समोर बसली.

“पलटणीत कुणाचा पाय दुखावला तर काय करायचं? त्याला खाली सोडून जायचं?”

“तसं कसं जमंल?”

“मग?”

“त्याला फुडं घालायचं,” सुभेदार म्हणाले. “सगळ्यांनी त्याच्या चालीनं चालायचं. म्हंजे कुणी मागं राहत न्हाई.”

शालनने पेन उचलले. खोडलेल्या नावाच्या वर, जरा वाकड्या अक्षरात, तेच नाव पुन्हा लिहिले. चार तासांची चढण तिने तीन दिवसांवर वाटली, मुक्काम वाढवले, ‘न बसता’ हे शब्द काढून टाकले. वजनापुढे लिहिले : सगळे शालन. खाली स्वतःची सही केली आणि कागद त्यांच्याकडे सरकवला.

“फुडं तुमी. मागं मी हाय. करा सही.”

आयुष्यभर वरिष्ठांचे हुकूम घेतलेल्या माणसाने तो हुकूम दोनदा वाचला. डोळे भरून आले ते त्यांनी लपवले नाहीत. सही केली.

दुसऱ्या दिवशी ते दोघे पुन्हा गडाच्या वाटेवर होते. ऊन केव्हाच वर आले होते. शाळकरी पोरे त्यांना मागे टाकून गेली, आळीतले जाडजूड वकीलसाहेबही गेले. सुभेदार पुढे, अगदी सावकाश. घाई नाहीशी झाली तशी वाटेवर शांतता आली, आणि त्या शांततेत त्यांना काहीतरी ऐकू येऊ लागले : वाळत्या गवताला घासणारे लुगडे, खड्यांवर ठामपणे पडणारे पाऊल. तेहतीस वर्षे ती पावले त्यांच्या मागे होती, आणि आज ती त्यांना पहिल्यांदा ऐकू येत होती. ते थांबत, ती थांबे. ते निघत, ती निघे. सोनेरी होत चाललेल्या त्या डोंगरावर, एक पाऊल पुढे, एक पाऊल मागे. एक पुढे, एक मागे.