पाय न घसरणारा दगड

मित्रांनो, मी मुठा नदीतला एक जुना धुण्याचा दगड आहे. कर्वेनगरच्या खालच्या अंगाला, अर्धा पाण्यात, अर्धा बाहेर. येता-जाता तुम्ही मला पाहिलंही असेल. नसेल पाहिलं तरी हरकत नाही, दगडाकडे मुद्दाम बघायला कोण येतं म्हणा!

मला कुणी घडवलं नाही. इथं इमारती नव्हत्या, शेतं होती, तेव्हा गावच्या बायकांनी पाठ सपाट बघून मला पसंत केलं. त्यांत मथुराबाई नवी नवरी होती. दसरा काढायचा म्हणजे घरातली एकूण एक गोधडी नदीवर यायची. काय आपटायची हो ती! सासूवरचा सगळा राग माझ्या पाठीवर निघायचा.

माझ्या अंगावर तेव्हा बुळबुळ असायची. तिला घाण म्हणू नका. डोळ्यांना न दिसणाऱ्या असंख्य जिवांची ती वस्ती होती. काही हिरवे, उन्हावर जगणारे. काही तपकिरी. काही तर वाहून आलेला पालापाचोळा कुजवून पाणी निवळणारे. गोगलगायी त्यांच्यावर चरायच्या, बारीक मासे टोचे मारायचे आणि मला गुदगुल्या व्हायच्या. दगड झालो म्हणून काय झालं! पावसाळ्यात पूर त्यांना खरवडून न्यायचा आणि दसऱ्यापर्यंत ते परत यायचे. माझं सगळं सुख एवढंच होतं.

एका वर्षी त्याच बुळबुळीवरून मथुराबाईचा पाय घसरला. चुडा फुटला, मनगट मोडलं.

"मेल्या दगडा, जाऊ दे तुझी बुळबुळ एकदाची!" ती कळवळून ओरडली.

मला फार वाईट वाटलं. पण बुळबुळ खरंच जाईल असं काही वाटलं नाही.

पुढे गाव शहरात गेलं. शेतांवर सोसायट्या उभ्या राहिल्या. मथुराबाईच्या मुलाने, संपतने, टेम्पो घेतला. माझ्या उशाशी, नदीच्या पात्रातूनच, रस्ता झाला. सांडपाणी आलं, साबणाचा फेस तर होताच. माझ्या अंगावरच्या जिवांनी तेही कसंबसं सोसलं. काही गेले, काही टिकले. मग गाड्या वाढल्या. पाऊस पडला की रस्त्यावरून काळं पाणी उतरायचं आणि त्यातले बारीक कण माझ्या खाचाखोचांत बसायचे. मला वाटलं, धुराची काजळी असेल.

एकदा हेमा नावाची कॉलेजातली मुलगी आली. तिने दात घासायच्या ब्रशाने माझं अंग घासलं आणि ते पाणी बाटलीत भरून नेलं. ती पुन्हा आली तेव्हा संपत माझ्याशेजारी टेम्पो धूत होता.

"काका, या दगडावरचं काळं म्हणजे काजळी नाही," ती म्हणाली. "टायर झिजतात ना, त्यांचा हा चुरा. त्यातून जस्त आणि कसली कसली रसायनं पाण्यात उतरतात. इथले सूक्ष्मजीव संपत चाललेत. मोजकेच प्रकार उरलेत."

"टायर झिजणारच की ताई. मग टेम्पो काय डोक्यावर घेऊन फिरू?"

हेमा हसली नाही. "तसं नाही काका. निदान नदीत धुऊ नका. आणि चाकात हवा बरोबर ठेवा, टायर कमी झिजतात."

"बघू," संपत म्हणाला. 'बघू' म्हणजे काय, हे पुण्यात कुणाला सांगायला नको.

त्या पावसाळ्यात धरणातून पाणी सोडलं. पुराने मला धुऊन काढलं आणि मी माझ्या जिवांची वाट पाहू लागलो. वाटलं, येतील, नेहमी येतात. पण अंगावर धरला तो काळपट, खरखरीत थर. एक गोगलगाय आली, जरा फिरली, खायला काही मिळेना तशी निघून गेली. मासे तर फिरकलेच नाहीत. मित्रांनो, मला रडता येत असतं तर मी रडलो असतो.

घट बसायच्या आधी मथुराबाई आली. आता म्हातारी झालेली, मनगट तसंच वाकडं. गोधड्या टेम्पोतून आल्या होत्या. संपतने तिचा दंड धरला होता. तिने भीत भीत माझ्यावर पाय ठेवला. दाबून पाहिला. पुन्हा दाबला.

"संपत, सोड हात! आरं, घसरत न्हाई बघ. लई चांगला झालाय दगुड."

तिने कनवटीची पुडी सोडली, मला हळदकुंकू वाहिलं आणि वाकड्या हाताने नमस्कार केला. "ऐकलंस बाबा माझं," ती म्हणाली.

शेजारी संपत टेम्पोची चाकं घासत होता. दसऱ्याला पुजायची होती ना! काळं पाणी ओघळत माझ्या पोटाखाली आलं आणि तिथंच थांबलं.

मित्रांनो, तिला खरं काय ते सांगायला मला तोंड नव्हतं. तुम्हाला सांगतो. नदीतल्या दगडावर कधी पाय घसरला तर उठा, कपडे झटका, हव्या तर चार शिव्या द्या. त्या दगडावर कुणीतरी जगतंय. पाय घसरला नाही, तर मात्र नमस्कार करू नका. घाबरा.