थोरल्याचं स्थिरावणं

"बुडाला का गं तुझा धाकटा?" ताईने पलंगावरून विचारलं.

"थोरलाच विस्कटला," पडद्यावरची नजर न काढता ती म्हणाली. मग उठली, खिडकीपाशी गेली, परत येऊन बसली. सकाळपासून हेच चाललं होतं.

म्हाताऱ्या ताऱ्यांचे संसार संगणकावर मांडून बघणं, हे तिचं काम. वय झालेला थोरला तारा फुगत फुगत जातो आणि जवळ फिरणाऱ्या धाकट्या ताऱ्याला पोटात घेतो. धाकटा आत घिरट्या घालत खोल खोल उतरतो. एक तर थोरल्यात विरून जातो, नाहीतर थोरल्याचं वायूचं पांघरूण उधळून देतो आणि वाचतो. कुठलं होणार, ते गणित सांगतं. आज गणित दाद देत नव्हतं. धाकटा जेमतेम टेकला, तोच थोरला आपणहून उसवत गेला.

त्यात संध्याकाळपर्यंत दूरच्या वेधशाळेला कळवायचं होतं, नोकरीवर येते की नाही. आईच्या मागे तिला वाढवलं ते ताईने. ताईचे गुडघे गेल्यापासून पाण्याचा पेलासुद्धा ही तिच्या हातात नेऊन देई.

शेवटी तिने सहकाऱ्याला फोन लावला. तो हसला. "अगं बाई, थोरल्याला आधी एकट्याला स्थिरावू दिलंस का?"

तिने फोन ठेवला. घाईत नेमकं तेच राहिलं होतं.

"काय म्हणतोय?" ताईने विचारलं.

"थोरला नवा मांडला की हेलकावे खातो. धाकट्याला लांब ठेवून आधी बघायचं असतं, एकटा तग धरतो का. मी न बघताच धाकट्याला चिकटवलं."

ताई चादरीची कड चाचपत राहिली. जन्मभर शिवणकाम केलेली बोटं, रिकामी बसत नसत.

"मग मला कधी लांबून बघितलंस?"

"ताई, काहीतरीच तुझं."

"चप्पल घाल. पुरता अंधार पडेपर्यंत वर यायचं नाही."

"पडलीस तर?"

"ओरडेन. आवाज काही गुडघ्यात नाही माझा."

तिने धाकट्याला बाजूला काढलं, थोरल्याला पडद्यावर एकटं सोडलं आणि जिना उतरली.

गल्लीच्या टोकापर्यंत गेली, परतली, पुन्हा गेली, पुन्हा जिन्यापाशी आली. वेधशाळेला अजून कळवलं नव्हतं; फोन हातातच होता. उजेड मावळत आला तसा वर स्वयंपाकघराचा दिवा लागला. काचेवर ताईची सावली उमटली, भिंतीला धरून, डुलत. खिडकीच्या मध्यावर येऊन थांबली.

हलेना.

हिचा पाय पायरीवर पडला.

मग सावलीने सावकाश हात वर केला, फळीवरचा पेला काढला आणि पुढे सरकली.

तिने पाय मागे घेतला.