पहिल्या चेंबरची आच

सुप्याच्या एमआयडीसीत औषधाच्या बाटल्यांवर लागणारा स्टिकरचा कागद बनतो, असा एक कारखाना आहे. एका टोकाला रोल उलगडतो, पळत्या कागदावर गम चढतो, चार चेंबरच्या लांबलचक भट्टीतून वाळत जातो आणि पलीकडे कागद पुन्हा गुंडाळला जातो. श्रीगोंद्याची धनश्री डिप्लोमा करून आठ महिन्यांपूर्वी तिथं लागली. तिला शिकवायला होते रामहरीमामा, वीस वर्षं त्याच मशीनवर उभे राहिलेले.

त्या दिवशी सकाळपासून गमावर फोड येत होते. खसखशीएवढेच, पण हात फिरवला की बोटाला लागायचे. गम ओला राहतोय, असं मामांनी ठरवलं आणि चारही चेंबरची आच चढवली. फोड दुप्पट झाले. आणखी चढवली, तर ज्वारीच्या दाण्याएवढे. दुपारपर्यंत पाच रोल बाद झाले. जेवायची वेळ टळून गेली, तरी मामांनी डबा उघडला नाही.

धनश्रीला बसवेना. प्रत्येक चेंबरला काचेची छोटी खिडकी होती. मामांना विचारून ती मोबाईलची बॅटरी लावून शिडीवर चढली आणि शेवटच्या खिडकीपासून बघत मागं आली. चौथ्यात फोड, तिसऱ्यात फोड, दुसऱ्यातही. पहिल्या खिडकीशी मात्र ती खिळून राहिली. कागद आत शिरताना गम सपाट, तुकतुकीत होता. मध्यावर येईतो त्याच्यावर कातडी धरली, आणि पुढच्या हातभरात ती फुगून वर आली.

"मामा, गम वरून फारच लवकर वाळतोय," ती खाली येऊन म्हणाली. "मग आतल्या पाण्याची वाफ कातडी फोडून निघते. पहिल्याची आच उतरवू, शेवटची राहू दे."

मामांनी नकारार्थी मान हलवली. ओला गम गुंडाळला गेला तर अख्खा रोल चिकटून बसेल, असं त्यांचं म्हणणं. पण मग ते स्वतः शिडी चढले, काचेला डोळा लावून बराच वेळ उभे राहिले आणि उतरल्यावर पॅनेलपासून बाजूला सरले.

"तूच उतरव पोरी. मी हाय हितं."

तिनं तीस डिग्री उतरवली. भट्टी निवायला वेळ लागला. फोड आधी बारीक झाले, मग तुरळक, मग दिसेचनात. मामांनी एक पट्टी फाडून आपल्या खिशावर चिकटवली, ओढून काढली. गम खडखडीत वाळला होता. ते इतके मोठ्यानं हसले, की पॅकिंगच्या बायका हातातलं काम सोडून बघायला आल्या. मग कुठं डबा उघडला गेला, आणि अर्धी भाकरी ठेच्यासकट धनश्रीच्या हातावर आली.

नवी सेटिंग जपून ठेवायची तर पॅनेल नाव मागतं. मामांनी चष्मा लावला आणि एका बोटानं, अक्षर हुडकत हुडकत ते टाकलं.

दुसऱ्या पाळीला मशीन सांभाळणारा छगन आला. स्क्रीन बघून त्यानं विचारलं, "धनश्री? ही कुठली नवी सेटिंग?"

मामांनी त्याला खांद्याला धरून वळवलं. समोर धनश्री गमानं माखलेले हात पुसत उभी होती, आणि तिला हसू आवरत नव्हतं.