मांडवीतली मागची खोली

मयेकरांच्या पत्राची शेवटची ओळ सव्वीस वर्षांत बदलली नव्हती. "रत्नागिरीला कधी येता? आमच्याकडेच उतरायचं." वर मजकूर कशाचाही असो, सहीच्या आधी ही ओळ असायचीच. माझ्या उत्तरातही एक ठरलेली ओळ असे, "उन्हाळ्यात बघतो." सव्वीस उन्हाळे झाले. मी गेलो नाही.

यंदा फाल्गुनात आलेल्या पत्रात ती ओळ नव्हती. अंतर्देशीय पत्रातली जागा संपली असेल, असं वाटलं. पण सहीच्या खाली चार बोटं कागद कोरा होता. चैत्रातल्या पत्रातही ओळ नव्हती.

आम्ही एकमेकांना पाहिलेलं नाही. मी परतूरच्या वाचनालयात ग्रंथपाल होतो, ते रत्नागिरीच्या. आमच्याकडे एक जुनं प्रवासवर्णन होतं. त्याच्या बांधणीत एक फर्मा, म्हणजे सलग सोळा पानं, राहून गेला होता. माणूस बोटीत बसायचा आणि पान उलटलं की एकदम परतीच्या वाटेवर असायचा. वाचक माझ्यावर चिडत. मी सात वाचनालयांना पत्रं लिहिली. उत्तर एकच आलं. झेरॉक्स काढायला पुस्तक उलटं दाबलं तर त्याची पाठ मोडेल, म्हणून अनंत मयेकरांनी सोळाच्या सोळा पानं हातानं उतरवून पाठवली होती. आभाराचं पत्र लिहायला मला तीन दिवस लागले. तिथून सुरू झालं ते आजवर.

एकदा फोनही केला होता. दोघांनी एकमेकांना हवामान विचारलं, मग दोघंही गप्प बसलो. त्यानंतर फोनची गोष्ट कोणी काढली नाही.

आता ओळ नाहीशी झाली, तेव्हा मला वाटलं, माझ्याच आळसाला आणि भिडेला ते कंटाळले. सव्वीस वर्षं बोलावूनही न येणाऱ्या माणसाला कोण बोलावत राहील? आणि नेमकं आता, बोलावणं बंद झाल्यावर, मला जायचं होतं. मला दुसरा मित्र नाही. लग्न केलं नाही. वाटूरला पुतण्या शेती बघतो, तो पोळ्याला बोलावतो. असा माणूस उरलेल्या एका मित्राला न भेटताच गेला तर त्यात नवल काही नाही, पण मला ते नको होतं.

प्रश्न एवढाच होता, की न बोलावता जायचं तर उतरायचं कुठे?

नवीन जालन्यात मी ज्यांच्याकडे भाड्यानं राहतो त्यांची सून शालू बियाणं कंपनीच्या ऑफिसात आहे. रविवारी सकाळी तिला खाली जाऊन विचारलं. तिनं फोनवर रत्नागिरीचा नकाशा उघडून दिला. मी पायरीवर बसून तो बोटानं मागं-पुढं सरकवत राहिलो. तिची सासू गोजरबाई ज्वारी निवडत होती.

"भाऊ, सकाळधरनं काय करून राह्यले त्या फोनात?"

"रत्नागिरीला कुठं उतरावं ते बघतो."

"तिथं तुमचे ते पत्रवाले दोस्त हायेत ना?"

"आहेत."

"मंग बघायचं काय त्यात? गावात आपलं माणूस असून लॉजवर उतरायचं? त्या माणसाला गल्लीत तोंड दाखवायला जागा राहती का?"

"आई, काकाला बोलावलेलं न्हाई त्यांनी," शालू म्हणाली. मी तिला सांगितलं होतं ते चुकलंच.

"सव्वीस वर्सं बोलावलं म्हन्ले व्हते की! त्यातलं एखादं शिल्लक नसल का?"

शालू हसली. माझ्या हातातून फोन घेऊन म्हणाली, "काका, हे भाट्ये बघा. खिडकी उघडली की समुद्र. लोकांनी चांगलं लिहिलंय. खर्चबी बराबर हाय."

पण मला रत्नागिरी फोनमधून माहीत नव्हती. मयेकरांच्या पत्रांतून मी ती मोहल्ल्या-मोहल्ल्यानं ओळखत होतो. भाट्ये खाडीच्या पुलापलीकडे, तिथं पाहुणे उतरतात, गावचा माणूस फिरायला जातो तेवढंच. मारुती मंदिर मध्यावर, सगळीकडे जायला सोयीचं आणि म्हणूनच कुणाचंच नाही. कुवारबाव स्टेशनच्या वाटेवर, नव्या इमारतींचं, मांडवीपासून लांब. आणि मांडवी म्हणजे जेट्टी, काळी वाळू आणि मयेकरांचं घर.

कुवारबाव मला पहिल्यांदा आवडलं. तिथं उतरायचं, एका संध्याकाळी "सहज इकडून जात होतो" असं म्हणत त्यांच्याकडे डोकवायचं आणि अंगावर ओझं न होता परत यायचं. पण जालन्याचा माणूस रत्नागिरीत सहज कसा जात असेल? त्यांना ते खोटं तिथंच कळलं असतं. शेवटी मी मांडवीच ठरवलं, आणि तेही शूरपणानं नाही. त्यांच्या गल्लीतच राहिलं तर संध्याकाळी घरावरून एक चक्कर मारता येईल. ते ओटीवर दिसतील. चेहरा बघून ठरवता येईल, पायरी चढायची की पुढं निघून जायचं.

शालूनं त्या गल्लीतलं एकच घर शोधून दिलं. दोन खोल्या पाहुण्यांना देतात, असं लिहिलं होतं. तिनंच नंबर लावला आणि फोन माझ्या कानाला टेकवला.

"बोला," एक बाई म्हणाल्या. आवाज मोकळा होता.

कागदावर प्रश्न लिहून ठेवले होते. पहिलाच प्रश्न वाचला, "पाणी किती दिवसांनी येतं?"

"काय म्हणालात?"

"नळाला. किती दिवसांआड? म्हणजे त्या हिशोबानं यायचा दिवस धरता येईल."

त्या मनापासून हसल्या. "अहो काका, कसले दिवस? मागच्या अंगणात विहीर आहे. बारा महिने पाणी. तुम्ही बोलताय कुठून?"

"जालन्याहून."

मग त्यांनी हळू विचारलं, "जालना म्हणजे... पत्रं पाठवता ते तुम्हीच का? सोमेश्वरकाका?"

मी होय म्हटलं. गोजरबाईंचा ज्वारीतला हात थांबला.

त्या बाईंचं नाव वंदना. त्यांनी जे सांगितलं ते मला एकदम समजलं नाही, दोनदा विचारावं लागलं. ज्या घरात मी खोली मागत होतो ते मयेकरांचंच घर होतं. दोन वर्षांपूर्वी पत्नी गेल्यावर लेकीनं त्यांना कुवारबावला आपल्या फ्लॅटमध्ये नेलं. घर वंदनाबाईंच्या नवऱ्यानं विकत घेतलं आणि दोन खोल्या पाहुण्यांसाठी केल्या. पत्नी गेल्याचं मयेकरांनी मला लिहिलं होतं. घराचं लिहिलं नव्हतं.

"दर गुरुवारी येतात बसनं," वंदनाबाई सांगत होत्या. "तुमचं पत्र आलेलं असलं तर पायरीवर बसून वाचतात. नसलं तर नुसते बसतात. उत्तरही इथंच बसून लिहितात. मी चहा देते. आत या म्हटलं तर येत नाहीत. दोन वर्षांत एकदाही उंबरा ओलांडला नाही त्यांनी."

"पत्ता बदलल्याचं मला..."

"मी म्हटलं होतं हो, जालन्याला कळवून टाका. तर म्हणाले, नको, त्यांना मांडवीचा पत्ता पाठ आहे."

मी त्यांना विनंती केली, माझा फोन आल्याचं मयेकरांना सांगू नका. त्या बरं म्हणाल्या. फोन शालूकडे दिला आणि वर आलो.

खोलीत येऊन गेल्या दोन वर्षांची पत्रं काढली. आज समुद्र शिशासारखा दिसतो आहे. जेट्टीवर मुलं गळ टाकून बसली आहेत. दारातल्या बकुळीला यंदा उशीर झाला. मला वाटलं होतं, खोटं कुठे आहे ते सापडेल. सापडलं नाही. कॅलेंडर काढून तारखा पाहिल्या. सगळे गुरुवार होते. पायरीवर बसून दिसेल तेवढंच माणसानं लिहिलं होतं. ज्या घरात बोलवायचं ते घर राहिलं नव्हतं, तरी जवळजवळ दोन वर्षं हात सवयीनं ती ओळ लिहीत राहिला असेल आणि फाल्गुनात कधीतरी थांबला असेल. आणि मी इथं बसून रुसवा माझ्यावरच आहे असं धरून चाललो होतो. सगळं आपल्याभोवतीच फिरतं असं धरून चालायची ही माझी जुनी खोड.

आता उतरायचं कुठे हा प्रश्न आधीपेक्षा अवघड झाला. मांडवीत उतरलो तर मित्राच्याच घरात पैसे देऊन पाहुणा होणार, आणि तो बाहेर पायरीवर बसणार. कुवारबावला उतरलो तर भाजी घेताना समोर येतील आणि मला काही माहीत नसल्याचं सोंग करावं लागेल. मला सोंग जमत नाही. गेलोच नाही तर त्यांची झाकली मूठ तशीच राहील, माझीही. दोन दिवस मला हेच शहाणपणाचं वाटलं.

तिसऱ्या दिवशी गोजरबाई भाकरी घेऊन वर आल्या. शालूनं त्यांना सगळं सांगितलेलं दिसत होतं.

"मंग? ठरलं का न्हाई?"

"नाही जात."

"का?"

"त्यांना लाज वाटेल."

"लाज त्यांना वाटल का तुमाला वाटून राह्यली?" त्यांनी ताट ठेवलं. "भाऊ, तुमी लई पुस्तकं वाचले, पन साधी गोष्ट सुचंना तुमाला. ज्याच्या घरी पाव्हनं जायचं त्याला घर न्हाई राह्यलं. मंग तुमीच त्याला पाव्हना करा की. खोली तुमची, चार दिवसाचं घर तुमचं. बोलवा त्याला. जेवा जल्दी, निवून जाईल."

त्या गेल्या. भाकरी निवलीच.

माझ्या साध्या फोनवरून वंदनाबाईंना कळवून दोन खाटांची खोली चार दिवसांसाठी धरली. पत्र चार वेळा लिहिलं. पहिल्यात सांत्वन होतं, ते फाडलं. दुसऱ्यात मला सगळं कसं कळलं याचा खुलासा दीड पान झाला. तिसरं अगदीच कोरडं होतं. चौथं पाठवलं.

"प्रिय मयेकर, पाऊस लागायच्या आत चार दिवस रत्नागिरीला येत आहे. मांडवीत तुमच्या ओळखीच्याच घरात खोली घेतली आहे. खोलीत दोन खाटा आहेत आणि मला एकट्याला एकच लागते. सोळा पानं सोबत आणतो, कारण त्यांतले दोन शब्द मला आजवर लागलेले नाहीत. आमच्याकडेच उतरायचं."

खाली तारखा लिहिल्या आणि सही केली.

पत्र पेटीत पडल्याचा आवाज आला आणि लगेच वाटलं, चुकलं. "ओळखीच्याच घरात" हे शब्द बोचरे होते. सव्वीस वर्षांत जे न बोलता राखलं ते मी एका ओळीत उघडं केलं. पोस्टमन पेटी उघडायला येईपर्यंत मी तिथंच उभा राहिलो, पत्र परत मागायला. तो आला. मी त्याला विचारलं, रत्नागिरीला पत्र किती दिवसांत जातं. तो म्हणाला, चार-पाच दिवस धरा. मी बरं म्हणून घरी आलो.

पहिला गुरुवार गेला. शालूच्या सांगण्यावरून फोन उशाशी ठेवत होतो, तो वाजला नाही. नंतरच्या सोमवारी वाटलं, पत्र वाटेतच गहाळ झालं तर किती बरं होईल. मंगळवारी वाटलं, तसं होऊ नये. पिशवीत दोन धोतरं आणि सदरे घालून ठेवले होते, ते एकदा काढून परत ठेवले.

दुसऱ्या गुरुवारी दुपारी मी जेवायला बसलो असताना वंदनाबाईंचा फोन आला.

"काका, पत्र पोचलं. आत्ताच गेले ते."

"काय म्हणाले?"

"काहीच नाही. पायरीवर बसून वाचलं. परत वाचलं. चहा दिला तो तसाच निवला. मग मला विचारलं, जालन्याच्या पाहुण्यांना कुठली खोली दिलीत? मी म्हटलं, पुढची, समुद्राकडची. तर म्हणाले, पुढची नको. पहाटे होड्या निघतात, इंजिनांचा आवाज होतो, त्यांना झोप लागणार नाही. मागची द्या, विहिरीकडची."

"येतो म्हणाले का?"

"तसं नाही हो काही बोलले. पण आत आले काका. पहिल्यांदाच. मागच्या खोलीची खिडकी जाम होते, आम्ही दोन वर्षं ती उघडलीच नव्हती. कशी उघडायची ते मला दाखवलं आणि बस गाठायला गेले."

खाली गोजरबाई कुणाला तरी हाका मारत होत्या. ताटातलं वरण निवलं होतं.

"मग मागचीच राहू द्या," मी म्हटलं.

"राहू देते. दोन्ही खाटा घालून ठेवते."

फोन ठेवायची वेळ झाली होती. मला अशा वेळी नेहमी काहीतरी विचारायचं राहून जातं आणि मग आठवडाभर ते सलत राहतं. या वेळी विचारलं.

"ती खिडकी कशी उघडते?"

"सोपं आहे. कडी काढून पल्ला आधी वर उचलायचा, मग बाहेर ढकलायचा. नुसता ढकलला तर हलत नाही."

मी उठून उष्टा हात धुतला आणि ते वहीत लिहून घेतलं.