उथळ पाण्यातली मोजकाठी

मी नदीची खोली मोजणारी काठी बोलतेय. उंचीला माणसाएवढी, अंगभर आकडे रंगवलेली. माझ्या बाई माशांच्या अभ्यासक. कोणत्या माशाला किती खोल, किती वेगाचं पाणी आवडतं ते शोधायचं त्यांचं काम. मासा दिसला की त्या मला तिथे उभी करून आकडा ओरडायच्या. काठावर बसलेला त्यांचा धाकटा भाऊ तो संगणकात भरायचा आणि नकाशा रंगवायचा. मासा राहील तिथे निळा रंग, नाही तिथे पांढरा.

हा सगळा खटाटोप एका बोटाएवढ्या पट्टेरी माशासाठी. तो आता याच नदीत उरला होता. नकाशात डोह निळे आले आणि गोट्यांचा उथळ पट्टा पांढराफटक. नदी सरळ करायला निघालेल्या साहेबांचं चांगलंच फावलं.

"पट्टा उपसून टाकतो. तुमचा मासा डोहातच असतो ना?"

नकाशा तर बाईंचाच होता.

यंत्रं यायच्या आधी त्या भावाला घेऊन शेवटची मोजणी करायला आल्या. मला गोट्यांत रोवलं आणि नेमका त्यांचा पाय मुरगळला. बिचाऱ्या खडकावर निमूट बसून राहिल्या. बराच वेळ पाण्यात कुणीच हललं नाही.

आणि ते आले! आधी एक, मग दोन-चार, मग मोजता येईनात. घोटाभर पाण्यात, माझ्या पायाशी, गोट्यांवरचं शेवाळ खात. पट्टे उन्हात नुसते लखलखत होते. इतकी वर्षं मी नदीत उभी राहिले, पण नदी पाहिली ती त्या दिवशी. मी थक्क झाले.

"अरे, उठू नकोस," बाई कुजबुजल्या. "आपण पाय टाकला की हे घाबरून डोहात पळतात. आणि आपण डोहात जाऊन मोजतो!"

"म्हणजे ताई, माझा नकाशा..."

"ते राहतात कुठे, हे त्यात नाहीच. आपल्याला भिऊन लपतात कुठे, ते आहे."

भावाने कपाळावर हात मारला. दोघंही हसत सुटली. बाईंचे डोळे मात्र भरले होते.

मग सगळी मोजणी नव्याने झाली. काठावर पालथं पडून दुर्बिणीतून मासा बघायचा, तो आपणहून गेला की मगच मला उतरवायचं. साहेबांनी नाक मुरडलं. बाईंनी त्यांना त्याच खडकावर नेऊन बसवलं. घोटाभर पाण्यात जमलेले मासे त्यांनी स्वतः पाहिले, आणि यंत्रं आलीच नाहीत.

आता माझे आकडे पुसट झालेत. पट्ट्याच्या कडेला खूण म्हणून मला कायमचं रोवलंय. इकडे आलात तर पाण्यात उतरू नका, काठावर जरा बसा. काल नखाएवढी पिल्लं आली होती. मला गोट्यांतलीच समजून माझ्या अंगावरचं शेवाळ खाऊन गेली.