उजवीकडून डावीकडे

शाळेचं तोंड हिसानोबाईंनी जेमतेम दोन वर्षं पाहिलं, पण गाण्याच्या जुन्या लाखेच्या तबकडीचं साल त्या नुसत्या लेबलावरून सांगत. ओसाकाच्या त्या गल्लीत त्यांचं जुन्या तबकड्यांचं दुकान होतं, आणि तिथे त्यांचा शब्द खोडायची कोणाची छाती नव्हती.

सकाळी शेजारची टोफूवाली शिमेनोसान एक तबकडी कापडात गुंडाळून घेऊन आली. लेबलावर गाणारीचं नाव होतं कोउमे. शिमेनोच्या थोरल्या बहिणीचं गाण्यातलं नाव हेच. पण ती शोवा चौदा साली, म्हणजे १९३९मध्ये, वारली आणि घराण्याच्या रीतीप्रमाणे तेच नाव दुसऱ्या मुलीला दिलं गेलं. मग हा आवाज कोणाचा? बहीण गेली तेव्हा शिमेनो चार वर्षांची होती. आवाज तिला आठवत नव्हता.

हिसानोबाईंनी एक नजर टाकली. जुन्या लेबलांवर आडवी अक्षरं उजवीकडून डावीकडे जातात. ही डावीकडून उजवीकडे होती. "लढाईच्या ऐन भरातली, म्हणजे बहीण गेल्यानंतरची आहे ही. तुझी बहीण नव्हे, तिच्या जागी आलेली."

परकीचा आवाज घरात कशाला, म्हणून शिमेनो तबकडी तिथेच ठेवून गेली.

तेव्हापासून हिसानोबाईंचं बूड ठरेना. फडताळ पुसलं, पुन्हा पुसलं. सून मित्सुए म्हणाली, आई, चहा तिसऱ्यांदा गार झाला. तर तिलाच ऐकवलं, की तुझ्या माहेरचा चहा गरम असतानाही असाच लागतो.

शेवटी तबकडी खिडकीशी तिरकी धरली. लेबलाच्या कडेला, लाखेतच, गाणं भरलं त्या क्रमाचा आकडा कोरलेला होता. तो त्यांनी बघितलाच नव्हता. फडताळातून त्याच कंपनीची दुसरी तबकडी ओढली. तिचा आकडा तीनने पुढचा, आणि पाकिटावर घेणाऱ्याने लिहून ठेवलेलं, शोवा बारा, शरद. म्हणजे हे गाणं त्याहून आधी भरलेलं, बहीण जिवंत असताना. लढाईत जुन्याच साच्यातून नवी तबकडी काढून वर नवं लेबल लावलं होतं.

हे चाळीस वर्षांत त्यांनी शंभर गिऱ्हाइकांना समजावलं होतं.

जेवायची वेळ झाली होती. ताट तसंच टाकून त्या चावीचा छोटा ग्रामोफोन काखेत मारून निघाल्या. मित्सुए मागे धावली, तिला तबकडी धरायला दिली, आणि पडली तर माहेरी जा म्हणून बजावलं.

शिमेनो ओल्या हातांनी दारात आली.

"हात पूस आणि बस," हिसानोबाई म्हणाल्या. "सकाळी मी लेबल वाचलं. तबकडी वाचलीच नाही."

आणि चावी भरू लागल्या.